मोठ्या रिव्हॉल्व्हरचा धक्का हातात मुरवायचा कसा

आंब्याचे शेवटचे खोके भरत होतो तेव्हा भाच्याचा फोन आला. "मामा, माझो हात सुजलो."

भाचा आमच्या देवगडचा, पण गेली काही वर्षं अलास्कातल्या कोडियाक बेटावर असतो. मासे गोठवण्याच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि आता तिथलाच रहिवासी झाला आहे. त्या बेटावर प्रचंड तपकिरी अस्वलं आहेत. सामन मासा नदीत चढायला लागला की तीही नदीकाठी उतरतात. त्यामुळे रानात जाणारी माणसं अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखट फवारा जवळ ठेवतात, आणि काही जण कमरेला मोठं रिव्हॉल्व्हरही लावतात. भाच्याने .४४ मॅग्नम हे जबर जोराचं काडतूस उडवणारं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं आणि पहिल्यांदाच चालवून बघितलं होतं.

"किती बार काढलंस?"

"पन्नास. अख्खी पेटी."

"पयल्याच दिसाक पन्नास?"

त्याने हाताचा फोटो पाठवला. मधल्या बोटाचं पेर निळं पडलं होतं. अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यातली कातडी फाटली होती. मी पोलिस दलात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो. नोकरीभर .३८ ची रिव्हॉल्व्हरं दुरुस्त केली आणि फायरिंगच्या दिवशी नव्या पोरांच्या मागे उभा राहिलो. असे हात मी पुष्कळ बघितले आहेत, फक्त इतके सुजलेले नाहीत. त्या दोन खुणांवरूनच त्याने कुठे चूक केली ते कळलं. पुढे दोन-तीन महिने फोनवर आणि त्याने पाठवलेल्या संथ गतीच्या व्हिडिओंवर आमची शिकवणी चालली. तीच इथे नीट मांडतो.

आधी एक खुलासा. अशी रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे सामान्य नागरिकाकडे सहसा दिसत नाहीत. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याखालच्या परवान्यावर बहुतेकांकडे असतं ते .३२ चं. कोकणात पीक संरक्षणाच्या परवान्यावर घरोघरी दिसते ती बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक. पण धक्क्याचं शास्त्र सगळ्यांना एकच. ज्याने लहानपणी काकाच्या बारा बोअरचा दस्ता खांद्यापासून बोटभर दूर धरून बार काढला असेल, त्याला यातलं अर्धं आधीच कळलेलं असतं.

काडतुसातली दारू पेटली की तिचा वायू गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच जोराने बंदुकीला मागे ढकलतो. होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरकते, तसंच. गोळी हलकी पण वेगवान, बंदूक जड म्हणून सावकाश, पण वस्तुमान गुणिले वेग हा हिशेब दोन्हीकडे सारखा राहतो. शास्त्रात त्याला संवेग म्हणतात.

.४४ मॅग्नमची नेहमीची गोळी साडेपंधरा ग्रॅमची असते आणि लांब नळीतून सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटते. पण पुढे एकटी गोळी जात नाही. जळलेली दीड ग्रॅम दारूही वायू होऊन नळीतून फुटते, आणि तिचा वेग गोळीच्या तिप्पट धरतात. म्हणजे वजनात दहावा हिस्सा असलेली दारू धक्क्यात जवळजवळ पाव वाटा उचलते. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता संवेगाची बेरीज, वजन किलोत आणि वेग मीटरमध्ये धरून. गोळीचे ६.२ आणि वायूचे १.८, मिळून ८. सहा-साडेसहा इंची नळीचं पोलादी रिव्हॉल्व्हर साधारण १.३५ किलोचं असतं. ८ ला १.३५ ने भागलं की सेकंदाला ६ मीटर. या वेगाने ते तुमच्या तळव्यात येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सव्वा-दीड किलोचा असोला नारळ पुरुषभर उंचीवरून सुटला आणि तो तुम्ही तळव्यावर झेललात.

हेच काडतूस हलक्या मिश्रधातूच्या ७०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घाला. संवेग तोच आठ, पण बंदुकीचा वेग साडेअकरा मीटर. आता सोललेला नारळ दोन मजल्यांवरून हातात पडतो आहे. नारळ निम्मा झाला, पण ऊर्जा २४ ज्यूलवरून ४६ वर गेली. माणसं दिवसभर कमरेला वागवायला हलकं म्हणून ते घेतात आणि दोन बार काढून ठेवून देतात. भाच्याला मी एकच प्रश्न विचारला होता, वजन किती? १३०० ग्रॅमच्या वर आहे म्हणाला. ऐकून बरं वाटलं. पोलिसातलं माझं जुनं .३८ याच मापाने जेमतेम दोन फुटांवरून पडलेला सोललेला नारळ होतं. २००३ साली आलेलं .५०० मॅग्नम मात्र ६० ज्यूलच्या पुढे जातं, आणि तेही दोन किलोंची बंदूक असताना.

इथवर वहीतला धक्का झाला. हाताला जाणवणारा धक्का वेगळा, आणि तो बऱ्याच अंशी आपल्या हातात असतो.

बारा बोअरच्या बंदुकीची मागे येण्याची ऊर्जा ३५ ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे .४४ पेक्षा जास्त. तरी दस्ता नीट टेकवला असेल तर माणूस दिवसात वीस-पंचवीस बार सहज काढतो. याचं कारण मराठीत एकाच शब्दात दडलं आहे. धक्का म्हणजे आदळणं, आणि धक्का म्हणजे बोट लागते ती जागाही. कुठल्याही बंदरात जा, धक्क्याच्या भिंतीला जुने टायर टांगलेले दिसतील. लाटेवर चढून आलेली बोट भिंतीला थेट लागली तर फळी फुटते, टायरला लागली तर नुसती दबून थांबते. बोट तीच, वेग तोच. फरक एवढाच की टायरने तिला थांबायला वीतभर जागा दिली आणि जोर एका टोकावर न येता पसरला.

हातालाही हाच हिशेब लागतो. २४ ज्यूलची वस्तू पाच सेंटिमीटरमध्ये थांबवली तर सरासरी बळ सिमेंटच्या एका पोत्याएवढं पडतं. एकाच सेंटिमीटरमध्ये थांबवली तर पाच पोत्यांएवढं. खांद्याला मांस आहे, मागे अख्खं शरीर झुलतं. तळव्याला हाडं आहेत, आणि रिव्हॉल्व्हरची मूठ हाताच्या फार थोड्या भागाला टेकलेली असते.

त्यात रिव्हॉल्व्हरची घडणही आड येते. काडतुसं ज्याच्या घरांत बसतात त्या फिरत्या सिलिंडरचं सगळ्यात वरचं घर नळीसमोर येतं आणि तिथलं काडतूस फुटतं. म्हणजे मागचा रेटा मुठीच्या बराच वरून येतो. दाराला कडीपाशी ढकलावं तसं बंदूक मनगटाभोवती फिरते आणि नळी उसळते. चिआप्पा ऱ्हायनो या इटालियन रिव्हॉल्व्हरमध्ये म्हणूनच सगळ्यात खालचं घर फुटतं. दिसायला विचित्र, पण उसळी कमी. पिस्तुलात वरचा भाग स्प्रिंगवर मागे सरकतो, त्यामुळे तोच धक्का थोडा लांबतो. रिव्हॉल्व्हरमध्ये मागे सरकणारं काही नाही, जे येईल ते थेट सांगाड्यातून हातात.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. नळी उसळते म्हणून नेम चुकतो, हे खरं नाही. गोळी नळीत असते सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्यात बंदूक मागे येते फार तर दोन मिलिमीटर. डोळ्यांना दिसते ती सगळी उसळी गोळी निघून गेल्यानंतरची. त्या दोन मिलिमीटरात नळी वर उचलायला जी सुरुवात होते, तिची भरपाई बनवणाऱ्याने पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, उंच करून आधीच केलेली असते. म्हणून उसळीशी कुस्ती खेळून काहीच साधत नाही.

आता त्या फोटोतल्या खुणा.

बेचक्यातली कातडी फाटली कारण त्याने मूठ खाली धरली होती. मुठीच्या पाठीला वरच्या टोकाशी एक उंचवटा असतो. बेचकं त्या उंचवट्याला खालून घट्ट भिडलं पाहिजे. मध्ये अर्धं बोट जागा राहिली की बंदूक तेवढं अंतर धावून येते आणि मग उंचवटा कातडीवर आपटतो. खांद्यापासून दूर धरलेल्या दस्त्याचं होतं तेच. पण हात उंचवट्याच्या वर चढवायचाही नाही, तिथे घोड्याची, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीची, शेपटी बेचक्यात घुसते.

मधलं बोट सुजलं ते चापाभोवतीच्या कडीने. कडीची मागची बाजू आणि मुठीची पुढची बाजू यांच्या कोपऱ्यात ते बोट बसतं. पकड सैल असेल तर धक्क्याबरोबर कडी पेरावर हातोड्यासारखी येते. उपाय दोन. पकड घट्ट करायची, आणि तो कोपरा भरून काढणारी रबरी मूठ बसवायची. भाच्याच्या बंदुकीला लाकडाची सुंदर मूठ होती, पाठीचं पोलाद उघडं. ती काढून पाठीवरूनही रबर येणारी मूठ लावायला सांगितली. रबर किती जाड? बंदुकीवर नव्हे, आपल्या हातावर ठरवायचं. नळी हाताच्या हाडांच्या सरळ रेषेत आणि तर्जनीचं टोक चापावर, दोन्ही एकदम जमलं पाहिजे. फार जाड मुठीत हात वळतो, आणि मग सगळा मार अंगठ्याच्या बुंध्यावर येतो.

जुन्या घडणीच्या सिंगल ॲक्शन, म्हणजे दर बाराला घोडा हाताने मागे ओढावा लागतो अशा, रिव्हॉल्व्हरची मूठ, १८७३ च्या कोल्टसारखी, नांगराच्या मुठीसारखी वळलेली असते आणि तिला तो उंचवटा नसतो. ती हातात गरकन फिरते आणि धक्क्याचा बराच भाग त्या फिरण्यात जिरतो. काहींना ते फार सोसतं. मात्र प्रत्येक बारानंतर पकड नव्याने बसवावी लागते.

दुसरा हात हा नुसता आधार नव्हे. उजव्या हाताची बोटं मुठीवर, डाव्या हाताची बोटं त्या बोटांवर, आणि डाव्या तळव्याचा मांसल भाग मुठीच्या उघड्या राहिलेल्या बाजूला दाबून. जोराचा मोठा वाटा डाव्या हाताने द्यायचा, कारण उजव्याच्या तर्जनीला मोकळं राहायचं असतं. किती घट्ट? होडी ओढताना दोर धरतो तितकं. हात थरथरायला लागला की थोडं सोडायचं, तेच माप.

आणि डावा अंगठा. पिस्तूलवाले दोन्ही अंगठे नळीच्या दिशेने पुढे ठेवतात. रिव्हॉल्व्हरवर ही सवय बोट घेऊन जाईल. सिलिंडर फिरायचं तर ते आणि नळी यांच्यात फट ठेवावीच लागते, कागदाच्या एक-दोन पानांएवढी. प्रत्येक बाराला त्या फटीतून दोन्ही बाजूंना जळता वायू फुटतो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब ३२-३५ पीएसआय असतो. .४४ मॅग्नमच्या काडतुसाला ३६,००० पर्यंत मुभा आहे, म्हणजे टायरच्या हजारपट, आणि .५०० ला ६०,०००. फटीशी ठेवलेल्या अंगठ्याचं टोक उडाल्याची उदाहरणं आहेत. अंगठे दुमडून एकावर एक, सिलिंडरच्या मागे. भाच्याच्या पहिल्या व्हिडिओत अंगठा फटीच्या जेमतेम इंचभर मागे होता. मी व्हिडिओ तिथेच थांबवून त्याला फोन लावला. आमच्याकडे सकाळचे सात वाजले होते, तो संध्याकाळी जेवायला बसत होता. जेवण थांबवून आधी अंगठा कुठे ठेवायचा ते त्याच्याकडून वदवून घेतलं.

मनगटं ताठ, कोपरं किंचित वाकलेली, खांदे पावलांच्या थोडे पुढे. कोपरं पूर्ण ताठ केली तर हात बांबू होतो आणि धक्का थेट खांद्याच्या सांध्यात जातो. फार सैल सोडली तर घोडा कपाळाशी येतो. वाकलेलं कोपर हा आपला टायर. बार झाला की दोन्ही हात कोपरातून वर जाऊ द्यायचे, मग आपोआप खाली येऊ द्यायचे. जुन्या जहाजांवर तोफ चाकांच्या गाड्यावर असायची. बार झाला की गाडा मागे धावायचा आणि जाड दोरांना ताण बसून थांबायचा. फळ्यांना ती घट्ट जखडली असती तर फळ्याच उखडल्या असत्या. विजयदुर्गच्या तटावर उभं राहिलं की मला नेहमी त्या दोरांचा विचार येतो.

बंदुकीत करण्यासारखं थोडंच उरतं. वजन हवं, ते सांगून झालं. नळीच्या टोकाशी वरच्या अंगाला भोकं असली तर वायूचा काही भाग वर फुटतो आणि नळी खाली दाबतो. धक्क्यातला तो पाव वाटा वायूचा होता ना, त्यातलाच थोडा असा कमी होतो. बदल्यात आवाज आणखी वाढतो.

आवाजाकडे माणसं दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते निम्मं दुखणं तिथलंच असतं. या रिव्हॉल्व्हरचा बार १६० डेसिबलच्या घरात जातो. १४० च्या वरचा एक बारही कानाला कायमची इजा करू शकतो. कानात बोंडं आणि वरून मफ, दोन्ही एकदम. माझ्या पाठीमागून कितीतरी पोरं गेली, ज्यांना धक्का सोसत नाही असं वाटायचं. त्यांचे कान नीट झाकले की त्याच बंदुकीने तीच पोरं शांत उभी राहायची. शरीर आवाज आणि मार वेगळे मोजत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच.

आता मुख्य गोष्ट. हाताची सूज आठवड्यात उतरते, मनातली उतरत नाही. पन्नास बार एकदम काढल्यावर भाच्याच्या हाताला कळून चुकलं होतं की चाप दाबला की मार बसतो. मग हात आधीच मार परतवायला जातो. चाप सुटायच्या क्षणी मनगट नळीला खाली दाबतं, डोळे मिटतात, गोळी पायाशी जाते. हे स्वतःला कधीच दिसत नाही, कारण उसळी त्यावर पडदा टाकते. ते उघडं पाडायची पद्धत जुनी आहे. सिलिंडरच्या काही घरांत खरी काडतुसं, काहींत रिकाम्या पुंगळ्या, आणि भरणारा दुसरा कोणीतरी. पुंगळीवर घोडा पडला की नुसतं टक होतं. त्या क्षणी नळी खाली डुचकली तर चोर सापडला. भाच्याची नळी पहिल्या व्हिडिओत चांगली दोन बोटं खाली गेली. त्याने तो पाच वेळा बघितला आणि मग मान्य केलं.

त्यावर औषध म्हणजे मागे जाणं. .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल हे जुनं, १९०७ चं, थोडं आखूड काडतूस चालतं. गोळी जवळपास त्याच वजनाची, पण वेग आणि दारू दोन्ही कमी. संवेग निम्मा, म्हणून मागे येणारी ऊर्जा एक चतुर्थांश. .३५७ मॅग्नमवाल्यांसाठी .३८ स्पेशल तसंच. उलट मात्र कधीच करायचं नाही. मॅग्नम काडतूस मुद्दाम थोडं लांब केलं आहे ते जुन्या बंदुकीत बसूच नये म्हणून. भाच्याने महिनाभर स्पेशलच वापरलं, मध्ये मध्ये पुंगळ्या पेरून. आखूड काडतुसांनी घराच्या तोंडाशी काजळीचं कडं धरतं, ते घासल्याशिवाय मॅग्नम भरायचं नाही.

मॅग्नमकडे वळताना पहिले काही बार सिलिंडरमध्ये एकच काडतूस घालून. याचं कारण गंभीर आहे. फार मोठ्या रिव्हॉल्व्हरमध्ये नवख्या माणसाची पकड धक्क्याने सुटते आणि नळी आकाशाकडे असताना, कधी स्वतःच्या डोक्याकडे वळलेली असताना, बंदूक सावरायला बोटं नकळत आवळतात आणि दुसरा बार होतो. यात माणसं गेली आहेत. एकच काडतूस असेल तर दुसरा बार होणारच नाही. दुसऱ्याच्या हातात गंमत म्हणून भरलेलं मोठं रिव्हॉल्व्हर देणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

हलक्या बंदुकीची आणखी एक खोड आहे. एस.टी.ने झटका दिला की उभा माणूस जागेवर राहतो आणि बस त्याच्या पायाखालून पुढे जाते. तसंच बंदूक झटक्याने मागे आली की न फुटलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या तिच्याबरोबर मागे येतात आणि त्यांतल्या गोळ्या जागेवर राहू बघतात. पुंगळीने गोळी घट्ट दाबून धरली नसेल तर ती इंचाच्या अंशाने पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर डोकावते, आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. समोर अस्वल असताना हे होणं म्हणजे काय, ते भाच्याला सांगावं लागलं नाही. जे काडतूस रानात न्यायचं तेच आधी सरावात बघायचं. पाच बार काढून सहावं न फुटलेलं काडतूस बाहेर काढायचं आणि त्याची लांबी नव्या काडतुसाशी जुळवायची.

एका दिवशी मॅग्नमचे बार किती? मी त्याला बारा सांगितले होते, अठरा म्हणजे डोक्यावरून पाणी. बोटांना मुंग्या आल्या किंवा अंगठ्याच्या बुंध्याशी दुखलं तर तिथेच थांबायचं, मग तो तिसरा बार का असेना. मनगटातल्या शिरा आणि स्नायूबंध एकदा बिघडले की महिनोन्‌महिने जातात, आणि भाच्याचा हात कारखान्यातही लागतो.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास शेवटचा व्हिडिओ आला. तिकडे पाऊस, इकडेही पाऊस. सहा घरांत चार मॅग्नम आणि दोन पुंगळ्या, त्याच्या बायकोने भरलेल्या. पहिला बार, हात कोपरातून वर, परत खाली. दुसऱ्याला टक. नळी जागची हलली नाही, पुढची माशी नेमावर तशीच. मी तो तुकडा चार वेळा मागे नेऊन बघितला. पाचव्याला पुन्हा टक, पुन्हा तसंच. सहावा बार झाल्यावर त्याने सिलिंडर उघडून सगळ्या पुंगळ्या तळव्यावर घेतल्या, पेटी बंद केली आणि कॅमेऱ्यासमोर हात उलटा करून दाखवला. मधल्या बोटाचं पेर नेहमीच्या रंगाचं होतं.